ऑक्सिजन मिळत नसतानाही कॅन्सरची गाठ जगते कशी?

कॅन्सरची गाठ ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाढत नाहीत. ज्या वाढतात त्याही वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. रक्तवाहिनीपासून साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पलीकडे ऑक्सिजन पोहोचतच नाही. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसातल्या गाठींचे काप तपासून हे दाखवलं होतं. खोल श्वास घेऊन कॅन्सर पळवण्याचे फॉरवर्ड इथेच फसतात. अडचण श्वासात नाही, गाठीतल्या पुरवठ्यात आहे.

सगळ्यात लांबच्या पेशी मरतात. त्यांच्या अलीकडच्या मात्र कशाबशा तग धरतात आणि पुढे त्याच डोकेदुखी ठरतात, कारण ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला रेडिएशनचा अडीच ते तीनपट डोस लागतो.

या पेशी तग धरतात त्या ‘एचआयएफ-१’ नावाच्या प्रथिनामुळे. ऑक्सिजन असताना ‘व्हीएचएल’ हे दुसरं प्रथिन त्याला पकडून नष्ट करायला पाठवतं. ऑक्सिजन संपला की ही पकड सुटते आणि एचआयएफ शेकडो जनुकं चालू करतं. या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

चालू होणाऱ्या या जनुकांपैकी काहींपासून प्रथिन बनतच नाही, फक्त आरएनए बनतो. आरएनए म्हणजे प्रथिनाची कृती पोहोचवणारा निरोप्या, असं आपण शाळेत शिकलो. हे आरएनए निरोप नेत नाहीत, इतरांवर नियंत्रण ठेवतात. त्यातला ‘मायक्रोआरएनए-२१०’ जेमतेम २२ अक्षरांचा. मायटोकॉन्ड्रियाला लागणारं एक प्रथिन तो बनू देत नाही. पेशीची ऑक्सिजनची गरजच घटते आणि ती साखरेवर भागवते. (म्हणून साखर सोडल्याने गाठ उपाशी मरते असं नाही, रक्तातली साखर शरीर स्वतःही बनवतं.)

‘लिंकआरएनए-पी२१’ची चाल आणखी बेरकी. एचआयएफमुळेच वाढणारा हा लांबलचक आरएनए एचआयएफ आणि व्हीएचएल यांच्यामध्ये शिरून त्यांना वेगळं ठेवतो. म्हणजे एचआयएफने आपलाच रखवालदार नेमला!

मग हे आरएनएच का रोखू नयेत? एचआयएफ-२ या भावंडाला रोखणारी बेल्झुटिफान ही गोळी अमेरिकेत २०२१ पासून मंजूर आहे. आरएनएवर बेतलेली औषधं मात्र इतकी सरळ नाहीत. ‘मायक्रोआरएनए-३४’ या वेगळ्या रेणूची नक्कल असलेल्या औषधाची कॅन्सर रुग्णांवरची चाचणी, प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.