लिस्बनची १९५८ ची निवडणूक आणि आपण गोंयकार

गोवा मुक्तिलढ्याची पुस्तके चाळली तर १९५८ हे साल तसे ओकेबोके वाटते. १९५५ चा सत्याग्रह होऊन गेला होता. कितीतरी सत्याग्रही आग्वादच्या तुरुंगात दिवस मोजत होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत वारले. मुक्तीला अजून तीन-साडेतीन वर्षे होती. पण ज्या लिस्बनहून आपला कारभार हाकला जात होता, त्या लिस्बनमध्ये याच वर्षी सालाझारच्या सिंहासनाला पहिला जबर धक्का बसला. तो बसला एका निवडणुकीने. आपल्याकडे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे असा तो काळ; तेव्हा ही हकीकत गोव्यातल्या सामान्य माणसापर्यंत धडपणे कुठून पोचणार? म्हणूनच ती आज सांगावीशी वाटते.

सालाझारच्या राजवटीत निवडणुका होत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १९३३ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष दर सात वर्षांनी थेट मतदानाने निवडला जाई आणि पंतप्रधान नेमण्याचा व काढण्याचा अधिकार कागदोपत्री त्याच्याकडे असे. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्ष कोण व्हायचा हे पंतप्रधान सालाझारच ठरवीत. विरोधकांना प्रचाराला महिनाभराची मोकळीक मिळे, पण निवडणूक त्यांच्यासाठी अशी अवघड करून ठेवलेली असे की शेवटी त्यांनीच अंग काढून घ्यावे. १९४९ मध्ये जनरल नोर्तों द मातुश यांनी तसेच केले. हे गृहस्थ आपल्याला अगदीच परके नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते गोव्यात आले होते आणि इथल्या जमीन मोजणी खात्याचे काम त्यांनी केले होते. १९५१ मध्ये अॅडमिरल किंताव मैरेलिश यांनीही ऐनवेळी माघार घेतली. विरोधक मैदानात नाहीत, तेव्हा सरकारचा उमेदवार शंभर टक्के लोकप्रिय, असा तो हिशेब होता.

१९५८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी होते क्राव्हैरु लोपिश. त्यांचाही गोव्याशी संबंध. वडील इथे गव्हर्नर जनरल होते आणि त्यांच्यानंतर १९३६ ते १९३८ या काळात खुद्द क्राव्हैरु लोपिश यांनी हंगामी गव्हर्नर जनरल म्हणून काम पाहिले. पण आताशा हा माणूस आपल्या मुठीत राहिलेला नाही, असा सालाझारना संशय आला. त्यांनी त्याला बाजूला सारले आणि नौदल मंत्री अमेरिको तोमाझ यांना उभे केले.

समोर उभा राहिला जनरल हुंबेर्तो देल्गादो. हा मुळात राजवटीच्याच घरातला माणूस. १९२६ च्या ज्या लष्करी उठावातून पुढे सालाझारशाही जन्मली, त्यात तरुण देल्गादो सामील होता. पुढे तो नागरी विमान वाहतुकीचा प्रमुख झाला आणि पोर्तुगालची टाप ही विमान कंपनी त्याच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, सुरू झाली. मग काही वर्षे वॉशिंग्टनला गेली. तिथे त्याने पाहिले की लोक सरकारवर उघड टीका करतात, आणि तरी देश बुडत नाही. परत आला तो बदलूनच.

१० मे १९५८ रोजी लिस्बनच्या एका कॅफेत त्याने पत्रकारांना बोलावले. कॅफेचे नाव ‘शाव्ह द ओरु’, म्हणजे सोन्याची चावी. (आपला ‘चावी’ हा शब्द याच पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून आला, हे जाता जाता.) एकाने विचारले, निवडून आलात तर सालाझारचे काय करणार? देल्गादोने उत्तर दिले, ‘अर्थात, त्यांना काढून टाकणार.’ घटनेच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. पण तीस वर्षे जो शब्द कोणी घरातही मोठ्याने उच्चारला नव्हता, तो भर चौकात उच्चारला गेला. त्या दिवसापासून लोक त्याला ‘निर्भय जनरल’ म्हणू लागले.

चारच दिवसांनी, १४ मे रोजी, तो उत्तरेच्या पोर्तु शहरात गेला, तेव्हा सुमारे दोन लाख लोक रस्त्यांवर उतरले असे सांगतात. सरकार हबकले. १६ तारखेला तो लिस्बनच्या सांता आपोलोनिया स्टेशनावर उतरला, तर स्वागताला जमलेल्या गर्दीवर पोलीस तुटून पडले. महिनाअखेर कम्युनिस्टांचा पाठिंबा असलेले उमेदवार आर्लिंदो व्हिसेंत यांनी देल्गादोच्या बाजूने माघार घेतली. डावे, उजवे, राजवटीला विटलेले कॅथलिक असे सगळे एका माणसामागे उभे राहिले. आणि आधीच्यांप्रमाणे तो माघार घेईना. शेवटपर्यंत लढणार, म्हणाला.

८ जूनला मतदान झाले. सरकारी आकडे असे: तोमाझ यांना साडेसात लाखांवर मते, देल्गादोला सुमारे २ लाख ३६ हजार. म्हणजे साधारण तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश.

यात लबाडी झाली, असा आरोप लगेच झाला. तो समजून घ्यायचा तर मतदानाची पद्धत पाहावी लागेल. ८५ लाखांवर लोकवस्तीच्या देशात जेमतेम दहा लाख मते पडली, यावरूनच मतदार याद्या किती आखडत्या हाताने केल्या होत्या ते दिसते. बायकांना आणि निरक्षरांना मताधिकार होता, पण त्याला अटींचे कुंपण होते. सरकारने छापलेली, सगळ्या उमेदवारांची नावे असलेली एकच मतपत्रिका तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराने आपापल्या मतपत्रिका छापून मतदारापर्यंत पोचवायच्या. आता ज्याला मतदार याद्याच नीट मिळत नाहीत आणि ज्याचे कार्यकर्ते पीडे या गुप्त पोलिसांच्या नजरेखाली वावरतात, त्याने त्या पोचवायच्या कशा? जी मतपत्रिका हातातच आली नाही, ती पेटीत तरी कशी पडणार? त्यात मोजणीवर देखरेख करायला विरोधकांचे प्रतिनिधी नाहीत. मोजणारे सरकारचे, बेरीज करणारे सरकारचे आणि जाहीर करणारेही सरकारचेच.

देल्गादोने निकाल मानला नाही. लोकही गप्प बसले नाहीत. जून-जुलैमध्ये लिस्बनच्या आसपासच्या कारखान्यांत आणि दक्षिणेकडच्या आलेंतेजू भागातल्या शेतमजुरांत संप झाले. मोंतेमोर-ओ-नोव्हु या गावी पोलिसांच्या गोळीने एका शेतमजुराचा बळी घेतला. जुलैत पोर्तुच्या बिशपांनी, आंतोनियु फेरैरा गोमिश यांनी, सालाझारना एक सडेतोड पत्र लिहिले. चर्च हा सालाझारशाहीचा मोठा आधार. त्यामुळे हे पत्र फार झोंबले. बिशपना दहा वर्षे देशाबाहेर राहावे लागले.

खरी मते कोणाला किती पडली? याचे पक्के उत्तर आज कोणीच देऊ शकत नाही. मते कुणी निःपक्षपातीपणे मोजलीच नाहीत, तर खरा आकडा येणार कुठून? देल्गादोच जिंकला होता असे छातीठोकपणे म्हणणारे आहेत. पण मला त्याहून बोलका वाटतो तो सरकारने स्वतःच दिलेला पुरावा. १९५९ मध्ये सालाझारने घटना बदलली आणि राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. यापुढे विश्वासातल्या मंडळींचे एक निर्वाचक मंडळ त्याला निवडणार असे ठरले. ज्याला खरोखर चारांतली तीन मते मिळाली, त्याला मतपेटीचे इतके भय का वाटावे?

देल्गादोला लष्करातून काढून टाकण्यात आले. जानेवारी १९५९ मध्ये त्याने लिस्बनमधल्या ब्राझीलच्या वकिलातीत आसरा घेतला आणि पुढे तो ब्राझीलला गेला. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी बंडाच्या बोलणीचे आमिष दाखवून पीडेच्या माणसांनी त्याला स्पेनच्या सरहद्दीवर बादाहोझजवळ बोलावून घेतले आणि तिथे त्याचा खून केला. त्याची ब्राझिलियन सेक्रेटरीही सुटली नाही. प्रेते एप्रिलात सापडली.

इथे आपल्या अंगावर काटा यावा अशी एक गोष्ट आहे. देल्गादोला ठार करणारा हात होता कासिमिरो मोंतेरोचा. होय, तोच मोंतेरो. गोव्याच्या पोलिसांत असताना स्वातंत्र्यसैनिकांना गुरासारखा झोडपणारा, ज्याचे नाव काढले की जुन्या पिढीच्या चेहऱ्यावरचा रंग उडत असे, तोच. गोव्यात त्याने जे हात साफ करून घेतले, ते पुढे पोर्तुगालच्याच एका जनरलवर चालवले. १९८१ मध्ये लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, पण त्याच्या गैरहजेरीत. तो तोवर देश सोडून पसार झाला होता.

देल्गादो आपला कैवारी होता, असे मात्र कोणी समजू नये. गोवा सोडण्याची भाषा त्याने प्रचारात केली नव्हती. तो निवडून आला असता तर गोवा लवकर मुक्त झाला असता का, हा प्रश्न म्हणून तसा फोल आहे. इतके मात्र खरे की डिसेंबर १९६१ मध्ये, शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम लिस्बनहून गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्वा यांना आला, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत तेच तोमाझ बसले होते. आपल्याच लोकांची मते न मोजणारी राजवट गोंयकाराचे मत विचारील, ही अपेक्षाच चुकीची होती. दैवाचा खेळ असा की सप्टेंबर १९६८ मध्ये, सालाझार आजाराने निकामी झाल्यावर, त्यांना पंतप्रधानपदावरून दूर करण्याची पाळी याच तोमाझवर आली. देल्गादोने कॅफेत जे सांगितले होते ते असे पुरे झाले.

आता जरा आपल्याकडे पाहू. मुक्तीनंतर पाच वर्षांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला. मते अशी पडली: विलीनीकरणाला १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. मराठीवर जीव टाकणाऱ्या अनेकांना तो निकाल जिव्हारी लागला. काहींचा सल अजून गेलेला नाही. पण मतदान निर्वेध व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी डिसेंबरात राजीनामा दिला होता. कौल विरुद्ध गेला, तरी काही आठवड्यांतच तोच पक्ष पुन्हा लोकांपुढे मते मागायला गेला आणि सत्तेवर आला. मोजणी आपल्या माणसांसमोर झाली असली की हरलेलासुद्धा घरी जाऊन पुढच्या निवडणुकीची तयारी करतो. पोर्तुगालमध्ये हरलेल्याला तो मार्गच ठेवला नव्हता. तिथे लोकांना १९७४ च्या २५ एप्रिलपर्यंत, तब्बल सोळा वर्षे, थांबावे लागले. आणि गोवा भारताचा भाग आहे हे लिस्बनने मान्य केले, तेही ही राजवट गेल्यावरच, १९७४ च्या अखेरीस.

देल्गादोच्या अस्थी १९९० मध्ये लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात ठेवल्या गेल्या. २०१६ पासून लिस्बनच्या विमानतळाला त्याचे नाव आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आज कितीतरी गोंयकार तिथे उतरतात. पाटीवरचे ते नाव कोणाचे, आणि त्याच्या मारेकऱ्याची तालीम कुठे झाली होती, एवढे त्यांना ठाऊक असले तरी पुरे.