व्यसनमुक्तीच्या तासाची परीक्षा

मुलांना व्यसनांपासून वाचवण्यासाठी शाळेत तास घ्यावा, ही कल्पना सुमारे दीडशे वर्षांची आहे. त्या तासाने खरोखर काही साधते का, हे पद्धतशीर तपासायला मात्र त्यातली बहुतेक वर्षे निघून गेली.

अमेरिकेत दारूबंदी चळवळीतल्या मेरी हंट यांनी शाळेलाच रणांगण मानले. दारूचे शरीरावरचे परिणाम शिकवण्याची सक्ती करणारा कायदा 1882 मध्ये व्हरमाँट राज्याने केला आणि वीस वर्षांच्या आत देशभर तसे कायदे झाले. क्रमिक पुस्तके हंटबाईंच्या संमतीची मोहोर उमटल्यावरच खपत. 1893 मध्ये विद्वानांची ‘पन्नासांची समिती’ स्थापन झाली. समितीसाठी शास्त्रज्ञांनी ही पुस्तके तपासली, तेव्हा त्यांत शास्त्र कमी आणि भीती जास्त आढळली. पण ही तपासणी पुस्तकांपुरतीच राहिली. ती वाचून मोठी झालेली मुले पुढे काय करत होती, हे कोणी मोजले नाही.

भीतीचा मार्ग सोडायला 1970चे दशक उजाडले. ह्यूस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स यांच्या लक्षात आले, की सिगारेट वाईट हे सातवीतल्या मुलाला ठाऊकच असते. तरीही मित्र, घरची माणसे आणि जाहिराती त्याला ओढतात. म्हणून त्यांनी हा दबाव ओळखण्याची आणि नकार देण्याची आधीच तयारी करून घेतली. रोगाच्या सौम्य अंशाने शरीर सज्ज करणाऱ्या लसीसारखीच ही युक्ती होती.

नकार शिकवण्याची कल्पना सर्वाधिक गाजली ती ‘डेअर’ या नावाने. 1983 मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथल्या शाळांनी मिळून हा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात यायचा आणि आठवड्याला एक याप्रमाणे सतरा धडे घ्यायचा. पालक खूश, शिक्षक खूश, पोलीसही खूश. दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या बहुसंख्य शालेय जिल्ह्यांत तो पोहोचला.

मग संशोधक आकडे घेऊन आले. 1994 मध्ये आठ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या नशेवर डेअरचा परिणाम नगण्य निघाला. केंटकीत सहावीत हे धडे घेतलेल्या मुलांना वयाच्या विसाव्या वर्षी पुन्हा गाठले. एकूण सुमारे हजार जणांच्या त्या अभ्यासात धडे घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. हा निष्कर्ष 1999चा. 2003 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही तेच सांगितले. अखेर 2009 मध्ये डेअरने जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून दुसरा स्वीकारला.

याहून कडवट निकाल वॉशिंग्टन राज्यातल्या धूम्रपानविरोधी कार्यक्रमाचा होता. तिथे 40 शालेय जिल्हे आणि आठ हजारांवर मुले होती. तिसरीपासून दहावीपर्यंत धडे झाले, शिक्षकांना नीट प्रशिक्षण मिळाले, जवळजवळ प्रत्येक मुलाचा शेवटपर्यंत माग काढला. बारावीला रोज सिगारेट ओढणाऱ्या मुली धडे मिळालेल्या गटात 24.4 टक्के, न मिळालेल्या गटात 24.7 टक्के होत्या. मुलांचीही गत तीच. एवढी काटेकोर चाचणी झाली नसती, तर हाच कार्यक्रम यशस्वी म्हणून मिरवला असता.

न्यूयॉर्कमध्ये गिल्बर्ट बॉटविन यांचा अनुभव थोडा आशादायक होता. त्यांच्या ‘जीवनकौशल्य’ कार्यक्रमात नशेबद्दल बोलणे कमी आणि ताण हाताळणे, निर्णय घेणे, लोकांत वावरणे जास्त. सातवीत पंधरा धडे आणि पुढची दोन वर्षे उजळणी. 1995 मध्ये 56 शाळांतल्या मुलांचे बारावीपर्यंतचे निकाल आले, तेव्हा नशा घटलेली दिसली. पण धडे पुरेसे मिळालेल्या मुलांवरच भर दिला म्हणून फायदा फुगला, अशी टीका झाली. संपूर्ण गट मोजायचा की निवडक, हा वाद अजून चालू आहे.

भारतात असा कसून केलेला प्रयोग 2004 ते 2006 मध्ये दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत झाला. सहावी आणि आठवीच्या मुलांचा हा प्रकल्प ‘मैत्री’. वर्गातले खेळ-चर्चा मुलांतलेच म्होरके चालवत, भिंतीवर पोस्टर लागत, घरी पालकांना पत्रे जात. कोणत्या शाळेत कार्यक्रम होणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. दोन वर्षांत, कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला. कार्यक्रम झालेल्या शाळांत तो 17 टक्क्यांनी घटला. सुरुवातीच्या पाहणीत तर आठवीपेक्षा सहावीतच तंबाखू जास्त आढळला. म्हणजे हा विषय आठवीत सुरू करणे उशिराचे ठरते.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांत शपथ होते, प्रभातफेरी निघते, चित्रस्पर्धा होते. या साऱ्याची नोंद फोटोंच्या आणि हजेरीच्या रूपात राहते. सहावीत शपथ घेतलेली मुले दहावीत काय करतात, हे त्या नोंदींतून कळत नाही. शाळांनी आणि शिक्षण विभागाने त्याच मुलांना नाव न विचारता, काही शाळा तुलनेसाठी बाजूला ठेवून, पुन्हा विचारले पाहिजे. मुलांचा वेळ आणि शिक्षकांचे श्रम ज्यावर खर्ची पडतात, त्याची इतकी तपासणी व्हायलाच हवी.