माझगावची टेकडी आणि काका बॅप्टिस्टा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकालगत भंडारवाडा टेकडी उभी आहे. खाली गोद्या, गोदामे आणि गाड्यांचा अखंड खडखडाट. चढ चढून वर जावे तर हिरवळ, वृक्षांची सावली आणि समोर बंदराचे विस्तीर्ण पाणी. श्रान्त मनाला येथे विसावा मिळतो. या उद्यानाला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. ते कोण, हे आपल्या मुलाबाळांपैकी कितीजण सांगू शकतील?

टेकडीचा पूर्वेतिहास मात्र शांत नाही. इंग्रजांनी १६८०च्या सुमारास येथे किल्ला बांधला. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाच्या स्वारीत तो पडला व १६९० साली जमीनदोस्त झाला. पुढे, १८८४ मध्ये, याच टेकडीवर शहराला पाणी पुरवणारा जलाशय झाला. त्याच्याच माथ्यावर आजची बाग आहे. जेथे तोफा होत्या, तेथे तहानलेल्यांसाठी पाणी साठले.

माझगाव ही आपल्या ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती. येथील १६३२ सालचे ग्लोरिया चर्च लोहमार्गासाठी १९११ मध्ये पाडण्यात आले आणि गौरवमातेचे नवे मंदिर भायखळ्यास उभे राहिले. जुन्या खुणा अशा एकेक करून नाहीशा झाल्या.

याच माझगावातील माथारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी बॅप्टिस्टा जन्मले. पुण्यास अभियांत्रिकी व केंब्रिजला कायदा शिकलेला हा गृहस्थ सुखाने वकिली करून स्वस्थ बसू शकला असता. परंतु ते लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले. १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष. १९२० साली आयटक ही कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९२५ मध्ये त्यांनी मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषविले. जनतेने त्यांना ‘काका’ म्हटले. १९३० साली ते निवर्तले.

ख्रिस्ती माणूस राष्ट्रकार्यापासून अलिप्त राहिला, असे म्हणणाऱ्यांना काकांचे जीवन हेच उत्तर आहे. पण ते उत्तर आधी आम्हांलाच ठाऊक हवे. प्रभू येशू प्रार्थनेसाठी डोंगरावर जात आणि पुन्हा लोकांत उतरत. मुलांना घेऊन आपणही एकदा माझगावची टेकडी चढावी, आणि फाटकावरील नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.