व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना : पर्याय कोणते, खर्च किती?

तिरुनागेश्वरम् (तमिळनाडू) : तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमलगतचे तिरुनागेश्वरम् हे गाव राहूचे स्थान मानल्या जाणाऱ्या नागनाथस्वामी मंदिरामुळे देशभरातील भाविकांना परिचित आहे. शेजारचे तिरुभुवनम् रेशमी साड्यांसाठी, तर जवळचे नाचियारकोविल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. साठा, मजुरी, उधारी आणि कर यांचा मेळ घालणारे सॉफ्टवेअर ही अशा व्यापारी परिसरांचीही गरज ठरू लागली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना आपसातील व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे आवश्यक ठरले. त्यामुळे सॉफ्टवेअर घ्यावे की नाही यापेक्षा ते कोणत्या अटींवर घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे.

विकत मिळतो तो वापराचा हक्क

‘सॉफ्टवेअर विकत घेतले’ असे म्हटले जात असले, तरी ग्राहकाला मिळतो तो बहुधा केवळ वापराचा परवाना; स्वामित्वहक्क निर्मात्याकडेच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस’ प्रकरणात हाच भेद ग्राह्य धरून, अशा परवान्यापोटी परदेशी पुरवठादाराला दिलेली रक्कम ही स्वामित्वशुल्क नव्हे, असा निर्वाळा दिला. परवान्याविना वापर मात्र महागात पडू शकतो. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणीवपूर्वक वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

तीन प्रमुख पर्याय

पहिला पर्याय कायमस्वरूपी परवान्याचा. यात रक्कम एकदाच भरावी लागते. सुधारित आवृत्त्या व साहाय्य यांसाठी वार्षिक शुल्क वेगळे असते. बेंगळुरूच्या टॅलीचा परवाना याच धर्तीचा आहे. त्यातील ‘सिल्व्हर’ एका संगणकासाठी, तर ‘गोल्ड’ एकाच अंतर्गत जाळ्यातील अनेक संगणकांसाठी असतो.

दुसरा पर्याय वर्गणीचा. दरमहा वा दरवर्षी, बहुधा प्रत्येक वापरकर्त्यामागे शुल्क आकारले जाते. तमिळनाडूतून जगभर विस्तारलेली झोहो कंपनी मुख्यत्वे याच पद्धतीने सेवा पुरवते. तिच्या ‘झोहो वन’ संचात सर्व कर्मचाऱ्यांसाठी परवाने घेतल्यास माणशी दर कमी पडतो. मोजक्याच कर्मचाऱ्यांसाठी घेतल्यास तो वाढतो. म्हणून केवळ दर न पाहता मोजणी कोणाची होते, हे पाहणे आवश्यक असते.

तिसरा पर्याय मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे त्याचे ठळक उदाहरण. जीपीएल परवान्याखाली ते विनाशुल्क वापरता व बदलताही येते. परवाना विनाशुल्क असला तरी सर्व्हर, मांडणी, जुन्या नोंदींचे स्थलांतर, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च उरतोच.

पाच वर्षांचा हिशेब

समजा, एका साडी व्यापाऱ्याला २० वापरकर्त्यांसाठी सॉफ्टवेअर हवे आहे. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. कायमस्वरूपी परवाना माणशी ३० हजार रुपये धरल्यास आरंभी ६ लाख लागतील. दुसऱ्या वर्षापासून देखभाल २० टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. वर्गणी माणशी दरमहा १ हजार रुपये धरल्यास वर्षाला २ लाख ४० हजार होतात. चौथ्या वर्षाअखेर दोन्हींचा एकूण खर्च ९ लाख ६० हजार, असा समसमान होतो. पाचव्या वर्षी कायमस्वरूपी परवाना १० लाख ८० हजारांवर, तर वर्गणी १२ लाखांवर पोहोचते.

मात्र पहिल्या पर्यायात स्वतःचा सर्व्हर घेण्यासाठी २ लाख रुपये लागले, तर तोच आकडा १२ लाख ८० हजार होतो आणि निष्कर्ष उलटतो. याखेरीज सॉफ्टवेअरवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमांनुसार त्याची वजावट मिळू शकते.

करारातील बारकावे

सणासुदीला व लग्नसराईत कर्मचारी वाढतात, नंतर कमी होतात. अनेक वार्षिक करारांत मधेच वापरकर्ते वाढवता येतात, पण मुदत संपेपर्यंत घटवता येत नाहीत. नूतनीकरणाच्या वेळी दर किती टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, याची मर्यादा करारातच नोंदवून घेणे हिताचे ठरते.

अप्रत्यक्ष वापराची अटही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मद्यनिर्मिती क्षेत्रातील डियाजिओच्या ग्राहकांनी दुसऱ्या प्रणालीतून नोंदवलेल्या मागण्या सॅपच्या प्रणालीत पोहोचत होत्या. सॅपने ५.४ कोटी पौंडांहून अधिक रकमेचा दावा केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या वापरासाठीही शुल्क देय असल्याचे मान्य केले. संकेतस्थळ वा मोबाइल अ‍ॅप हिशेब-प्रणालीला जोडणाऱ्या लहान व्यापाऱ्यालाही अशी अट लागू होऊ शकते.

पुरवठादाराचे धोरणही बदलू शकते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीचा मार्ग स्वीकारला.

सही करण्यापूर्वी

वापरकर्ता कोणाला म्हणायचे, साहाय्य कोणत्या भाषेत व किती वेळात मिळेल, प्रतिसंचय कोण ठेवेल आणि करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळतील, हे लेखी असावे. यांतील शेवटची अट सर्वांत निर्णायक आहे. वर्षानुवर्षांची उधारी, साठा आणि विणकरांची मजुरी यांच्या नोंदी बाहेर काढता आल्या नाहीत, तर पुरवठादार बदलण्याचा पर्याय कागदावरच राहतो आणि त्याने सांगितलेला दर मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.