मानमोडीनंतरची शाळा

माझी आजी आपले वय कधी सनावर सांगत नसे. "मानमोडीच्या साली मी दहा वर्षांची होते," एवढाच तिचा हिशेब. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. दिवाळीत आम्ही पोरे अंगणात किल्ला करीत असू, आणि आजी ओसरीवर करंज्यांना मुरड घालता घालता तो काळ सांगे. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांच्या आळीत पणती लागली नव्हती. आजीची आई अश्विनात गेली होती. आजीचे दुसरे पुस्तक चालू होते, ते तिथेच मिटले, कारण कडेवर धाकटा भाऊ आला. तो भाऊ पुढे सातवी शिकून तलाठी झाला. आजी मात्र त्याच्या पत्रांवर अंगठा फिरवून म्हणे, "अक्षर छान आहे हो माझ्या बाबूचे!"

लहानपणी मला यात फक्त गोष्ट दिसली. मास्तरकीची नोकरी भिवंडीत काढून निवृत्त व्हायची वेळ आली, तेव्हा तिच्यातला इतिहास दिसला.

त्या साथीने मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे नेली. पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरातून आली. दुसरी, खरी मारेकरी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. वर पावसानेही त्याच साली दगा दिला. आणि ही साथ विचित्र अशी, की म्हातारेकोतारे सोडून विशी ते चाळिशीतली माणसे तिने वेचली, त्यांतही बायका अधिक. घरची बाई गेली म्हणजे तिची जागा कोण घेणार? थोरली मुलगी. तिची पाटी फळीवर गेली, ती कायमचीच. अशा किती पाट्या फळीवर गेल्या, त्याची मोजदाद कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. मेलेल्यांचा आकडा सरकार ठेवते. शाळा सुटलेल्यांचा कोण ठेवणार?

गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की, त्याच १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडलेले बिल पुढच्या वर्षी पडले होते. त्याचेच हे धाकटे भावंड. परंतु कायद्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. मुभा आणि पैसा या दोन वस्तू क्वचितच एका गाडीने येतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ सालीच सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले होते, ते खजिन्याची किल्ली स्वतःजवळ होती म्हणून.

साथ ओसरली आणि वर्षभरात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साथीमुळे काढली असे मी म्हणणार नाही. तो ओढूनताणून आणलेला संबंध होईल. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली होती: गरिबाच्या पोराला नुसती शाळा पुरत नाही, त्याला राहायला छप्पर आणि पोटाला भाकर लागते. म्हणून त्यांच्या कामात वसतिगृह शाळेइतकेच महत्त्वाचे, आणि त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला.

योगायोग पाहा. कोरोनाच्या साथीत मार्च २०२०मध्ये बंद झालेल्या शाळा महाराष्ट्रात पुन्हा मोठ्या प्रमाणावर उघडल्या, त्या ४ ऑक्टोबर २०२१ रोजीच. शहरात आठवीपासूनच्या, खेड्यात पाचवीपासूनच्या. पहिली-दुसरीच्या पोरांना सरकारची परवानगी मिळाली १ डिसेंबरला. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेल्या पोराने वर्ग प्रथम पाहिला तो दुसरीत, तेही अर्धी सरल्यावर; आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप.

मधल्या काळात काहीच झाले नाही असे नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी योजना निघाली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे. आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात ध्वनिक्षेपकावरून धडे देणारी 'बोलकी शाळा' निघाली. पण भिवंडीची तऱ्हा निराळी. इथे एका खोलीत आठ माणसे आणि एक मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर. यंत्रमाग थांबले तशी माणसे नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला खास गाडी सुटली. तिच्यात आमच्या गावातल्या शाळांचे किती हजेरीपट बसून गेले असतील, कोण जाणे. वीटभट्ट्यांवरची कातकरी पोरे तर साथीआधीही दर हंगामात शाळेतून उठत. त्यांच्यासाठी विधायक संसदेने भट्टीवरच 'भोंगा शाळा' चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. शाळा पोराकडे जाते, ही गोष्ट या तालुक्याला नवी नव्हती.

देशभर खेडोपाडी फिरून मुलांचे वाचन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २०१८ साली तिसरीतली २७.३ टक्के मुले दुसरीचा धडा वाचत. २०२२ साली २०.५ टक्के; २०२४मध्ये पुन्हा २७.१. गेले ते परत मिळाले, असे म्हणून लोक हुश्श करतात. पण २०२४च्या तिसरीतली पोरे ती वेगळी पोरे! मधली कुठे गेली? आणि २०२१च्या दहावीचा निकाल आठवा: परीक्षा नाही, निकाल ९९.९५ टक्के.

मी या हिशेबाबाहेरचा नाही. साथ आली तेव्हा माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, गणितात तरतरीत. सहावी-सातवी त्याने शाळेचे तोंड न पाहता ओलांडली. पुन्हा आला तेव्हा जोडाक्षर आले की अडे आणि माझ्याकडे पाहून हसे. दिवसभर तो कांड्या भरायला जाई, हे मला ठाऊक होते. वरून सूचना होती, शिवाय मला निवृत्तीचे वेध लागले होते. मी त्याच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिले. अक्षर छान आले होते.

गेल्या दिवाळीत तो घरी आला, चिवड्याचा पुडा घेऊन. बायकोने त्याला चकली दिली. पुडा बांधलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर काय आहे, असे मी सहज विचारले. त्याने बोट ठेवून दोन ओळी वाचल्या, तिसरीला थांबला. मी म्हटले, "सकाळी येत जा, अर्धा तास." तो म्हणाला, "सर, रात्रपाळी आठला सुटते. नऊला चालेल?"

सध्या नऊला येतो. कधी कधी पाटीवरच डोके टेकून झोपतो. मग मी त्याला उठवीत नाही.