धागा कोणाच्या कारखान्यातला?

अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. हे एक तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, उष्णता अडवते. म्हणून विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जहाजबांधणीत, बॉयलरभोवती, इमारतींत ते मुबलक वापरले गेले. त्याचे सूक्ष्म धागे श्वासावाटे फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

त्यातून होणाऱ्या दोन आजारांतला फरक आधी पाहू. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसे कडक होत जातात. जितकी धूळ जास्त, तितका आजार जास्त. हौद अनेक नळांनी भरावा, तसे हे आहे; प्रत्येक नळाचा वाटा काढता येतो. मेसोथेलिओमा या कर्करोगाचे तसे नाही. त्याचा अ‍ॅस्बेस्टॉसशी असलेला संबंध वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवला. धूळ जास्त, तर तो होण्याची शक्यता जास्त. पण एकदा झाला, की त्याची तीव्रता धुळीवर ठरत नाही. शिवाय तो बहुधा ३०-४० वर्षांनी उघड होतो.

आता समजा, एका कामगाराने तीन कंपन्यांत अनुक्रमे १०, ६ व ४ वर्षे काम केले आणि तिन्ही ठिकाणी निष्काळजीपणा झाला. आजार कोणामुळे झाला? हे विज्ञान सांगू शकत नाही. मग दोषी कोण? कोणीच नाही, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००१ साली फेअरचाइल्ड खटल्यात ठरवले. २००२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते फिरवले: ज्याने धोका वाढवला, तो जबाबदार.

पण किती जबाबदार? २००६ च्या मे महिन्यात बार्कर खटल्यात उत्तर आले: ज्याचा त्याने आपापला वाटा द्यावा. आपल्या उदाहरणात भरपाई १ लाख पौंड धरू. १० वर्षांची कंपनी बुडालेली असेल, तर कामगाराच्या हाती ५० हजारच पडतात. म्हणजे बुडालेल्या कंपनीची तूट रुग्णाच्या माथी!

त्यावर संसदेने जुलै २००६ मध्ये भरपाई कायदा केला. आता रुग्ण कोणाही एका जबाबदार कंपनीकडून पूर्ण १ लाख मागू शकतो. वाटणी कंपन्यांनी नंतर आपसात, मुख्यतः कामाच्या काळानुसार, करायची. उरलेल्या दोघींत ६:४ धरले, तर ६० व ४० हजार. सगळ्याच कंपन्या नाहीशा झाल्या आणि त्यांची विमा कंपनीही सापडली नाही, तर? त्यासाठी २०१४ च्या मेसोथेलिओमा कायद्याने विमा कंपन्यांवर आकारणी बसवून निधी उभारला.

कोणता धागा घातक ठरला, हे शोधता येत नाही, ही अडचण आजही आहे. तिचा भार आजाऱ्याने सोसायचा की निष्काळजी कंपन्यांनी, एवढाच वाद होता. विद्यार्थ्यांनी गुणोत्तराचे गणित म्हणून ही वाटणी जरूर करून पाहावी, आणि तूट कोणी सोसावी यावर चर्चाही करावी, असे आम्ही सुचवतो.