विल्म्स ट्यूमर : सुरीला मिळालेली साथ

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या एका कर्करोगाचे सविस्तर वर्णन जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये केले आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्या काळी शस्त्रक्रिया हा एकच उपाय होता. तरीही बहुतेक मुले दगावत.

१९३०च्या दशकात बोस्टनमध्ये विल्यम लॅड यांनी शस्त्रक्रियेला शिस्त लावली. पोटाच्या बाजूने मूत्रपिंडापर्यंत पोहोचायचे, त्याच्या रक्तवाहिन्या आधी बांधायच्या आणि गाठ न फुटता काढायची. वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढली. पण आधीच इतरत्र पसरलेल्या पेशींपर्यंत सुरी पोहोचत नव्हती. तिथे प्रथम किरणोपचार आणि १९५०च्या दशकात सिडनी फार्बर यांनी वापरलेले ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध मदतीला आले.

१९७०च्या दशकातील युरोपीय चाचण्यांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आधी औषधे देऊन गाठ आकसू दिली, तर शस्त्रक्रियेत ती फुटण्याचा धोका घटतो. भारतात अनेक मुले रुग्णालयात पोहोचतात तेव्हा गाठ खूप वाढलेली असते. त्यामुळे येथील शल्यचिकित्सकांना हा मार्ग विशेष उपयोगी ठरला.

आज संपन्न देशांत असा कर्करोग झालेली सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी उद्दिष्ट ठरवले : २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत. विल्म्स ट्यूमरपुरता उपचार केव्हाच सापडला आहे. निदान वेळेत होणे आणि उपचार अर्धवट न सुटणे, एवढेच साधायचे उरले आहे.